विकल्या फोनची किल्ली

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आपापल्या प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि सरकारने दिलेले मोबाइल त्यांनी परत केले. पोषण अभियानासाठी २०१९ मध्ये वाटलेले हे फोन एक लाखाहून अधिक होते, दोन जीबी रॅमचे. दोन वर्षांत हमीची मुदत सरली. फोन तापू लागले, मध्येच अडकू लागले. गावातल्या लेकरांची वजनं-उंची ज्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायची, ते ॲपच त्यांच्यावर धड चालेना. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी. तुटपुंज्या मानधनातून हा खर्च आम्ही का करायचा, हा त्यांचा सवाल रास्त होता. ‘मोबाइल वापसी’चं ते आंदोलन गाजलं. ॲप मराठीत नाही, हेही दुखणं होतं आणि ते उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला. दोन वर्षांचा फोन म्हातारा कसा होतो? शेतातला विद्युत पंप दोन वर्षांत म्हातारा होत नाही, शिलाई यंत्र तर आजीकडून नातीकडे येतं. फोनाची रॅम तुटपुंजी होती, हे खरं. हलकी अशी दुसरी प्रणाली घातली असती तर सारं सुरळीत झालं असतं, असा आमचा दावा नाही. पण तसं करून पाहण्याचा हक्क कोणाकडे होता? पैसे मोजणाऱ्या सरकारकडे? फोन वागवणाऱ्या सेविकेकडे? तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराकडे? हा हक्क आज जगभर झपाट्याने आक्रसत चालला आहे आणि आपल्याकडे त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा अग्रलेख.

आधी मुळाशी जाऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपवला. तेव्हा जुना संगणक असलेल्या माणसापुढे एक वाट शिल्लक होती. पेनड्राइव्हवर लिनक्स ही मुक्त प्रणाली उतरवायची, ती संगणकात घालायची आणि पुढची काही वर्षं तोच संगणक वापरायचा. पुण्यातल्या संगणकात चालणारा तोच पेनड्राइव्ह परभणीतल्या वेगळ्या कंपनीच्या संगणकातही चालतो. संगणक सुरू होताना आपल्या पोटात काय काय आहे हे प्रणालीला ठरलेल्या रीतीने सांगतो. ही शिस्त गेल्या चाळीसेक वर्षांत घडत गेली.

फोनाचं तसं नाही. फोनाच्या मुख्य चिपेला जोडलेला पडदा कोणत्या कारखान्यातला, स्पर्श ओळखणारी चकती कोणत्या तारेवर, कॅमेऱ्याला वीज कोणत्या वाटेने जाते, यातलं काहीच फोन आपण होऊन सांगत नाही. हे सगळं एका फाइलीत आधीच लिहून ठेवावं लागतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. ती प्रत्येक मॉडेलची वेगळी. त्यामुळे कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनात नवी प्रणाली आणायची म्हणजे त्या एकाच मॉडेलसाठी कोणीतरी बसून सगळं पुन्हा जुळवायचं. त्यालाच पोर्ट करणं म्हणतात. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना तो खेळ वाटतो. तो किती चिकाटीचा उद्योग आहे, हे एका फोनाच्या गोष्टीवरून सांगतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पोको एफ-१ हा फोन जगात सगळ्यात आधी भारतात, दिल्लीत सादर झाला. किंमत वीस हजार नऊशे नव्व्याण्णव. त्या किमतीत स्नॅपड्रॅगन ८४५ ही त्या वर्षीची अव्वल चिप मिळत असल्याने तो तरुणांत हातोहात खपला. अँड्रॉइड ८.१ घेऊन आलेल्या त्या फोनाला कंपनीने अँड्रॉइड १० पर्यंत आणलं आणि तिथे हात आखडला. चिप तर अजून धडधाकट होती. मग जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रामरांनी तो हाती घेतला. लिनिएजओएस या स्वयंसेवी प्रकल्पाच्या माणसांनी त्यावर अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्या आणल्या. दुसऱ्या काहींनी त्याहून कठीण काम अंगावर घेतलं. कंपनीचं ठिगळं लावलेलं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बाजूला ठेवून लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच या फोनाला जागा मिळवून द्यायची, म्हणजे पुढे कोणाच्या मेहेरबानीची गरजच उरणार नाही.

त्या कामात एक अडचण निघाली. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच खोक्यातून येणाऱ्या पोको एफ-१ मध्ये दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे पडदे होते. काहींत तियानमाचा, काहींत ईबीबीजीचा. एकासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्यावर घातली की पडदा काळाच राहायचा. फोन आतून चालू, पण दिसत काही नाही. आज लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये या एका फोनासाठी दोन स्वतंत्र फाइली आहेत, एकीच्या नावात तियानमा आणि दुसरीच्या नावात ईबीबीजी. कंपनीच्या जाहिरातीत हा फरक कुठेच नव्हता. तो शोधला, नोंदला आणि जगाला फुकट देऊन टाकला तो अशा लोकांनी.

पोर्ट करणारा माणूस रात्र कशी काढतो, तेही पाहा. कर्नल तयार करायचं, केबलीने फोनात ढकलायचं, फोन चालू करायचा. काळा पडदा. कर्नल सुरू झालं की वाटेतच मेलं, हे कळायलाही मार्ग नाही. मग कोणी सूचनांमध्ये मध्येच एक ओळ घालतो : इथवर पोचलास तर थरथर. फोन थरथरला, तर तितकं अंतर तरी पार झालं. कोणी फोन मेल्यावर लगेच पुन्हा सुरू करून स्मृतीच्या एका राखीव कोपऱ्यात मागच्या वेळच्या नोंदी उरल्या आहेत का, ते चाचपतो. पहिल्यांदा पडदा उजळतो, मग स्पर्श कळू लागतो, मग वायफाय. फोन लागतो, पण आवाज येत नाही. कॅमेरा बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो आणि कित्येक फोनांत येतच नाही, कारण त्याचं मर्म चिपेच्या कंपनीने बंद ठेवलेल्या फाइलींत असतं. अशा महिनोन्‌महिन्यांच्या खटपटीतून एक फोन जगतो. आणि एक जगला की त्याच मॉडेलचे जगातले सगळे फोन जगू शकतात. या श्रमाचं मोल आम्हाला फार मोठं वाटतं.

या वाटेला दीड दशकाहून मोठी परंपरा आहे. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनात, टी-मोबाइल जी-१ मध्ये, एक विलक्षण चूक राहून गेली होती. कळफलकावर काहीही टंकलं की ते गुपचूप मूळ आज्ञा म्हणूनही चालवलं जाई. ‘रीबूट’ असं लिहिलं की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने ती चूक लगोलग बुजवली, पण तेवढ्या फटीतून लोकांनी त्या फोनाचा ताबा मिळवला होता. त्यातूनच स्टीव्ह कॉन्डिक यांचा सायनोजेनमॉड हा प्रकल्प २००९ मध्ये उभा राहिला. २०१६च्या डिसेंबरात त्यामागच्या कंपनीने त्याच्या सेवा बंद केल्या, तेव्हा काही दिवसांतच स्वयंसेवकांनी तोच वारसा लिनिएजओएस या नावाने पुढे नेला. एचटीसी एचडी-२ हा २००९चा विंडोज मोबाइल फोन. त्याला विंडोज फोन ७ मिळणार नाही, असं सांगून टाकण्यात आलं होतं. लोकांनी त्याच्यावर विंडोज फोन ७ही चालवलं, अँड्रॉइडही चालवलं आणि उबुंटूही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाने तर ध्येयच ठेवलं आहे की फोन दहा वर्षं टिकला पाहिजे.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण फेअरफोन २चं. ॲमस्टरडॅमच्या या छोट्या कंपनीने २०१५च्या अखेरीस हा फोन काढला. काही काळाने त्याच्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपेचा आधार क्वालकॉमने काढून घेतला. नवं अँड्रॉइड आणायला लागणाऱ्या फाइली चिपवाल्याकडूनच येईनात. अशा वेळी बहुतेक कंपन्या हात वर करतात. फेअरफोनने लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी केलेल्या कामाचा आधार घेतला आणि २०२१ मध्ये त्या फोनावर अधिकृत अँड्रॉइड ९ आणलं. सुरक्षेची डागडुजी २०२३ पर्यंत चालू ठेवली. एका फोनाची सात वर्षांहून अधिक सेवा! ज्यांना कंपन्या ‘छेडछाड करणारे’ म्हणतात, त्यांच्या जोरावर एका कंपनीने आपला शब्द पाळला.

हे सगळं शक्य झालं ते एका दारामुळे. त्या दाराला बूटलोडर म्हणतात. फोन चालू करताना सगळ्यात आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्राम आता आत कोणाला घ्यायचं ते ठरवतो. तो कुलूपबंद असेल तर कंपनीच्या सहीची प्रणाली तेवढी आत येते. कुलूप उघडलं तर मालक सांगेल ती येते. अनेक कंपन्या मागणी केली की हे कुलूप उघडू देत असत. हमी जाईल, डेटा पुसला जाईल, असा इशारा देत आणि उघडू देत. तो सौदा रास्त होता.

आता ती दारं एकामागून एक लिंपली जात आहेत. हुआवेने २०१८ मध्ये कुलूप उघडण्याचे सांकेतिक क्रमांक देणं थांबवलं. असूसने २०२३ मध्ये आपलं साधन काढून घेतलं. शाओमीने आपली हायपरओएस प्रणाली आणल्यानंतर कुलूप उघडण्याआधी अर्ज, जुनं खातं, प्रतीक्षा आणि मर्यादा असा फेरा लावला. चीनमधल्या ग्राहकांसाठी तो आणखी जाचक आहे. ज्या कंपनीच्या स्वस्त फोनांनी भारतातल्या हजारो पोरांना प्रोग्रामिंगची गोडी लावली, तिचीच ही गत. सॅमसंगने २०२५च्या जुलैत नव्या फोल्ड आणि फ्लिप फोनांबरोबर आपली वन यूआय ८ प्रणाली आणली आणि तिच्यातून कुलूप उघडण्याचा पर्यायच गायब झाला.

दुसरीकडे विहिरीचं पाणीही आटू लागलं आहे. २०२५च्या मार्चमध्ये गूगलने अँड्रॉइडच्या मुक्त भागाचं कामही आता बंद दाराआड चालेल आणि काम पूर्ण झालं की संहिता खुली होईल, असं जाहीर केलं. जूनमध्ये अँड्रॉइड १६ची संहिता आली, तेव्हा गूगलच्याच पिक्सेल फोनांच्या डिव्हाइस ट्री आणि ड्रायव्हरच्या फाइली तिच्यात नव्हत्या. वर्षानुवर्षं पिक्सेल हा जगभरच्या पोर्ट करणाऱ्यांचा गिरवण्याचा कित्ता होता. तो कित्ताच काढून घेतला. ऑगस्टमध्ये आणखी एक घोषणा झाली. ज्याने गूगलकडे आपली ओळख नोंदवली नाही अशा विकसकाचं ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर सरळपणे बसणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि पुढे सगळीकडे. जगभरातून ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळा रस्ता ठेवू, असं गूगलने सांगितलं. ओरड केली म्हणून तेवढं तरी मिळालं, हे आपण ध्यानात ठेवावं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना विचारा. लोगोवर अडकलेल्या फोनाला सॉफ्टवेअर मारून देणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्या हातांनी शाळेत न शिकलेलं संगणकशास्त्र पचवलेलं आहे. दर वर्षी त्यांच्या हातून एकेक कंपनीचे फोन निसटत आहेत. दुरुस्तीवाल्याकडे कौशल्य आहे, साधन आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि फोनही ठणठणीत आहे. अडतं ते फक्त कुलपाशी. एका बाजूला आपण कुशल भारताच्या गप्पा करतो आणि दुसऱ्या बाजूला हे असलेलं कौशल्य निकामी होताना नुसतं बघत राहतो.

आता बँकांकडे वळू, कारण सामान्य माणसाच्या दृष्टीने खरी मेख तिथे आहे. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने २०१८चा आपला फोन असाच नव्याने उभा केला. सुरक्षेची ताजी डागडुजी असलेली नवी प्रणाली, फोन पूर्वीपेक्षा चपळ. सगळं चाललं. बँकेचं ॲप मात्र उघडताक्षणी म्हणालं, हा फोन सुरक्षित नाही. त्याच घरात त्याच्या वडिलांकडे त्याच मॉडेलचा फोन होता, चार वर्षांत एकही सुधारणा न मिळालेला, जुन्या छिद्रांनी भरलेला. त्यावर तेच ॲप बिनदिक्कत चालत होतं. त्या ॲपच्या लेखी कंपनीची सही म्हणजेच सुरक्षा. सही केव्हाची आहे आणि तिच्यामागे फोनाची अवस्था काय आहे, ते पाहायचंच नाही. आज भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळा व्यवहार यूपीआयवर आला आहे. ज्या फोनावर पैसे देता येत नाहीत, तो या देशात फोनच राहत नाही. म्हणजे कुलूप उघडण्याचा हक्क कागदावर असला, तरी व्यवहारात तो उरत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत, फोन रूट केलेला आहे का ते तपासण्याची आणि तसा असेल तर ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी अजमावावी, असं म्हटलं आहे. त्यामागचा हेतू योग्य आहे. पण रूट करणं आणि नवी प्रणाली घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूट म्हणजे आतल्या सगळ्या कप्प्यांची मुभा ॲपांना मिळण्याची वाट उघडणं. नवी प्रणाली घालून, बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करून, कोणालाही रूट न देता फोन वापरता येतो. काही कंपन्यांच्या फोनांत मालकाला स्वतःची किल्ली नोंदवून कुलूप पुन्हा लावता येतं आणि फोनातली सुरक्षा-चिप त्या किल्लीची ग्वाहीही देते. ग्राफीनओएस ही प्रणाली पिक्सेलवर हेच करते. अशी ग्वाही मान्य करायला तांत्रिक अडचण नाही. अनेक बँकांनी सरसकट दारं लावली, कारण ते सोपं होतं.

सुरक्षेचा मुद्दा आम्ही झटकून टाकत नाही. चोरलेल्या फोनाचं कुलूप सहज उघडून तो विकता आला, तर चोरांचं फावेल. एखादा बदमाश दुकानदार हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालून फोन विकेल, ही भीतीही खरी आहे. पण कुलूप उघडताना फोनातला डेटा पुसला जातो, चालू करताना पडद्यावर इशारा येतो, मालकाचं खातं तपासता येतं. ही व्यवस्था दशकभर चालली आहे. तिच्यात उणिवा असतील तर त्या दुरुस्त करा. आणि हाही प्रश्न विचारा की सुरक्षेच्या नावाने कुलूप लावणाऱ्या कंपनीने स्वतःच डागडुजी थांबवली की मग त्या कुलपाआड काय उरतं? २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं छिद्र उघडकीला आलं. नुसत्या एका मल्टिमीडिया संदेशातून फोनाचा ताबा जाऊ शकेल, असं ते होतं आणि जगातले बहुतेक अँड्रॉइड फोन त्याच्या तडाख्यात होते. तेव्हापासून दरमहा डागडुजीची पद्धत पडली. ही डागडुजी ज्या फोनाला मिळत नाही, तो कुलूपबंद असला तरी उघडाच आहे.

आणि तो कोणाच्या हातात असतो? पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस-२४ पासून महागड्या फोनांना सात वर्षं सुधारणा मिळू लागल्या. ऐंशी हजारांचा फोन घेणाऱ्याला हे वचन मिळालं. आठ-दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला अनेकदा दोन वर्षांचंही मिळत नाही, आणि फोन सगळ्यात जास्त काळ वापरायची गरज असते ती त्यालाच. थोरल्याचा फोन धाकट्याकडे, तिथून गावी आईकडे, असा तो घरात फिरतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो दर पायरीला अधिक असुरक्षित होत जातो. आईच्या हातात पोचतो, तेव्हा त्याची डागडुजी कधीच थांबलेली असते आणि तिच्या पेन्शनीचं खातं त्याच फोनावर असतं.

कचऱ्याचा हिशेबही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या नोंदीत आलेला भाग अवघा २२.३ टक्के होता. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ते मुख्यत्वे फोन मेल्यानंतर त्याच्या अंत्यविधीची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. जिवंत फोन मारला जाऊ नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर त्यांत मिळत नाही. चांगली चिप, शाबूत पडदा, बदलता येण्याजोगी बॅटरी असलेला फोन केवळ एका सहीअभावी कचऱ्यात जातो, तेव्हा त्यातला कोबाल्ट ज्या खाणीतून आला तिथले श्रमही त्याच्याबरोबर जातात.

कायद्याची बाजू निराशाजनक नाही, अर्धवट आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ एका प्रोग्रामशी दुसरा प्रोग्राम जुळवून घेण्यापुरती माहिती मिळवायला कायदेशीर धारकाला मुभा देतं. म्हणजे केवळ तेवढ्याने पोर्ट करणारा गुन्हेगार ठरत नाही. पण कंपनीने त्याला वाट द्यावी, असं बंधन कुठेच नाही. अँड्रॉइडच्या गाभ्यातलं लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली येतं, त्यानुसार फोन विकणाऱ्याने त्या कर्नलची संहिता द्यायलाच हवी. अनेक कंपन्या ती उशिरा देतात, अपुरी देतात किंवा फोनात प्रत्यक्ष चालणाऱ्या कर्नलशी न जुळणारी देतात. भारतात याबद्दल कोणी कंपनीला न्यायालयात खेचल्याचं आमच्या पाहण्यात नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाजारातल्या मक्तेदारीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती काढायला फोन-कंपन्यांना रोखणाऱ्या करारांवरही त्या आदेशात बोट ठेवलं. तो आदेश मोलाचा होता. पण त्याने मोकळीक दिली ती कंपन्यांना. फोन विकत घेणारा माणूस त्या आदेशातही बाहेरच राहिला.

जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीत आकाराला आलेल्या भारओएसचं केंद्रीय मंत्र्यांनी कौतुक केलं. स्वदेशी प्रणाली हवी, याबद्दल दुमत नाही. मात्र ती घालायची कशात? देशात विकल्या जाणाऱ्या फोनांचे बूटलोडर परदेशी कंपन्यांच्या किल्ल्यांनी बंद असतील, तर आपली प्रणाली कितीही उत्तम असली तरी उंबऱ्याबाहेर ताटकळत राहणार. स्वावलंबनाची भाषा करणाऱ्या सरकारने किल्लीचा प्रश्न तरी स्वदेशाभिमानाच्या यादीत पहिला घ्यायला हवा होता.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकायच्या फोनांना विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं सुधारणा आणि सात वर्षं सुटे भाग सक्तीचे केले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा आराखडा ठरवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात सॉफ्टवेअर सुधारणांचा निकष आहे, हे स्वागतार्ह आहे. त्यापुढचं पाऊल युरोपनेही टाकलेलं नाही, ते भारताने टाकावं. कंपनी ज्या दिवशी एखाद्या मॉडेलला सुधारणा देणं थांबवील, त्या दिवशी त्या मॉडेलचा बूटलोडर मालकाला उघडता आला पाहिजे, स्वतःची किल्ली नोंदवून पुन्हा लावता आला पाहिजे, आणि कर्नलची जुळणारी संहिता व ड्रायव्हरच्या फाइली जाहीर झाल्या पाहिजेत. यात कंपनीचं काय जातं? ज्या फोनासाठी तिला आता एक तासही खर्च करायचा नाही, त्याच्यावर दुसरा कोणी घाम गाळू इच्छितो, तर त्याला रोखण्याचा अधिकार तिला कोणत्या न्यायाने पोचतो? आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगावं की ताजी डागडुजी असलेला आणि आपल्या किल्लीने कुलूपबंद केलेला फोन नाकारायचा असेल, तर कारण द्यावं लागेल.

हे उद्यावर ढकलता येणार नाही. पोर्ट करणं ही हाताने करून शिकायची विद्या आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपला जुना फोन उघडतो, बिघडवतो, रात्रभर जागून पुन्हा उभा करतो आणि त्यातून शिकतो. भारतातले कित्येक कर्नल-अभियंते असेच घडले. आज दुकानात मिळणारे अनेक नवे फोन असे आहेत की त्या मुलाला आत डोकावायलाही वाव नाही. पाच वर्षांनी सरकार जागं झालं आणि कुलपं उघडायला लावली, तरी तोवर ती विद्या असलेली माणसं कुठून आणायची?

राज्य सरकारला याची सुरुवात आज, केंद्राची वाट न पाहता करता येईल. अंगणवाड्यांसाठी, आशा सेविकांसाठी, पोलिसांसाठी, शाळांच्या टॅबसाठी महाराष्ट्र सरकार लाखांनी उपकरणं विकत घेतं. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाची अट कोणतीही कंपनी मोडत नाही. पुढची निविदा निघेल तेव्हा रॅम आणि बॅटरीच्या रकान्यांखाली आणखी एक रकाना घाला : सुधारणा किती वर्षं देणार, आणि त्या थांबल्यावर किल्ली कोणाच्या हाती देणार. जी कंपनी हा रकाना कोरा ठेवील, तिची निविदा उघडू नका.